राज्यात आम्ही तिघीच होतो, तरी नॅशनलला जावं का? (वय ४६, कराटे काता)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी ४६ वर्षांची, नाशिकला असते, शाळेत ग्रंथपाल आहे. जळगावला आठवीत असताना कराटे सुरू केलं, ब्राऊन बेल्टपर्यंत पोचले, मग बारावी, कॉलेज, लग्न, दोन मुलं आणि मधली वीस वर्षं कुठे गेली कळलंच नाही. बेल्ट मात्र माहेरी आईने ट्रंकेत जपून ठेवला होता. ३८ व्या वर्षी परत क्लासला गेले. सर म्हणाले ब्राऊनपासून धरू, मीच नको म्हटलं, पांढऱ्या बेल्टने लहान मुलांच्या रांगेत उभी राहिले कारण पाय विसरले होते सगळं. ४३ ला ब्लॅक बेल्ट झाले, शोतोकान शैलीत.

मागच्या रविवारी राज्य स्पर्धा झाली. महिला व्हेटरन काता, म्हणजे ३५ च्या पुढच्या (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम एकटीने करून दाखवायचा). जिल्ह्यातून मी एकटीच होते आणि राज्याला आलेल्या आम्ही तिघी. मला सिल्व्हर मिळालं, पहिल्या दोघींची निवड होती त्यामुळे नॅशनलच्या यादीत नाव लागलं. घरी पेढे आले, मुलीने स्टेटसला फोटो टाकला, मीही हवेत होते. आणि मंगळवारी क्लासला एकजण सहज बोलून गेले, "तिघींत दुसरी ना?"

वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, कारण हिशोब केला तर खरंच आहे ते. एक फेरी केली आणि नॅशनल. आमच्याच क्लासची १९ वर्षांची मुलगी ओपन सीनियरला चार फेऱ्या जिंकली तरी तिची निवड हुकली, आणि महाराष्ट्राचा ट्रॅकसूट मी घालणार.

नऊ आठवडे आहेत. दिल्लीला जायचंय, प्रवास, राहणं, एंट्री फी सगळं खिशातून, शाळेतून ड्युटी लीव्ह मिळणार नाही म्हणजे किरकोळ रजा टाकायची. त्यात उजवा गुडघा गेलं वर्षभर कुरकुरतोय. कांकू दाई नावाचा काता करते त्यातली शेवटची उडी मारून उतरलं की दोन दिवस जिना उतरताना कळ येते. तर जावं का, आणि जायचं ठरलं तर या गुडघ्याने काय तयारी करू, दोन्ही सांगा. गुळमुळीत नको, स्पष्ट सांगा.

मिहिर_के
ताई, तुम्ही स्पष्ट मागितलंय म्हणून लिहितो, राग मानू नका. मी २२ चा, ठाण्याचा, कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत खेळतो, मायनस ६७ मध्ये, म्हणजे ६७ किलोखालच्या गटात. राज्याला आमच्या वजनात तीसच्या वर पोरं असतात, मी दोन वर्षं सेमीला हरतोय, म्हणजे दिवसाला चार-पाच फाइट मारूनही घरी. त्यामुळे तीन एंट्रीत दोन सिलेक्शन हे बघून आम्हाला त्रास होतो हे खरंय. तुमची मेहनत कमी आहे असं नाही म्हणत. पण "क्वालिफाय झालो" हा शब्द दोघांनाही सारखाच लागतो हे मला पटत नाही. माझ्या मते जिथे किमान आठ एंट्री नाहीत तिथे निवडच करू नये.

जुना_पंच
ताई, अभिनंदन आधी. मी सांगलीचा, वय ५८, तीस वर्षं मॅटवर, त्यातली निम्मी पंच म्हणून खुर्चीत.

पहिलं हे बघा की ही स्पर्धा कोणाची आहे. आपल्याकडे कराट्यात नॅशनल हा शब्द कुणीही बॅनरवर छापतं, थेट फी भरली की "राष्ट्रीय स्पर्धा", गल्लीतल्या हॉलमध्ये सुद्धा. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय अशी साखळी असेल आणि वरची संघटना जागतिक संघटनेशी जोडलेली असेल तरच रजा आणि पैसे खर्च करा. तुमची जिल्ह्यातून निवड झालीय म्हणताय म्हणजे साखळी दिसतेय, तरी खात्री करा.

मिहिर, तुझं दुःख मला कळतं, मी पण सेमीला हरलोय. पण आठ एंट्रीचा नियम केलास तर व्हेटरन महिला हा गटच पुढची दहा वर्षं उभा राहणार नाही. आज ४५ च्या आसपास आहेत त्या मुली नव्वदच्या दशकात क्लासला यायच्या, माझ्याच क्लासला दहा-बारा होत्या, एकसे एक. लग्न ठरलं की बेल्ट द्यायला यायच्या, सर तुमच्याकडे ठेवा म्हणून. माझ्या कपाटात अजून चार आहेत. गट कसा भरणार सांग?

आणि एक माहिती, ही फार जणांना नसते. जागतिक नियमात सीनियर काता १६ पासून आणि सीनियर कुमिते १८ पासून. खाली वय आहे, वर काही नाही. ताईंना जर स्वतःला तपासायचंच असेल तर पुढच्या जिल्ह्याला व्हेटरनबरोबर ओपन सीनियर कात्याचाही फॉर्म भरावा.

फिजिओ_पूर्वा
मी पुण्यात फिजिओ आहे, खेळाडूच जास्त बघते. न तपासता ऑनलाइन निदान करणार नाही, पण जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ असेल तर बऱ्याचदा वाटीवर लोड जास्त येत असतो, कारण मांडी आणि विशेषतः कंबरेच्या बाजूचे स्नायू कमी पडतात. किबादाचीत (पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचा स्टान्स) आरशासमोर उभ्या राहा आणि बघा गुडघा आत पडतोय का. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आत पडत असेल तर स्टान्स थोडा उंच करा, खोल स्टान्स नंतर.

रोज काता आणि रोज उड्या हे या वयात चालत नाही. जोरदार सराव आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, आणि दोन दिवस वजनांचं किंवा नुसतं शरीराचं स्ट्रेंथ, वॉल सिट, पायरीवरून एका पायाने हळू उतरणं, ब्रिज. चाळिशीनंतर स्नायू आपोआप कमी होत जातात, बायकांमध्ये पाळी जायच्या सुमारास हाडं पण, आणि त्याला उत्तर वजनं उचलणं हेच आहे, नुसतं चालून होत नाही. प्रोटीन शरीराच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम तरी जायला हवं, म्हणजे ६० किलो असाल तर ७२ ते ९० ग्रॅम. वरण-भात-भाजीत ते होत नाही, दही, पनीर, अंडी, मोड आलेली कडधान्यं मोजून खा. डी आणि बी१२ तपासून घ्या, ईसीजी पण.

आता महत्त्वाचं, आणि हे मला माझ्याच एका पेशंटवरून कळलं. राष्ट्रीय स्पर्धेत नाडाची (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) डोप टेस्ट होऊ शकते आणि तिथे वय बघत नाहीत. तुम्हाला बीपीची गोळी चालू असेल तर पाकिटावर कंटेंट वाचा. नावापुढे एच किंवा सीटी असं शेपूट असेल तर बहुतेक त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. ही लघवी वाढवणारी गोळी, ती बंदी असलेल्या यादीत आहे आणि कायम, फक्त स्पर्धेच्या दिवशी नाही. डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते, नाहीतर उपचारासाठीची सूट आधी अर्ज करून घ्यावी लागते. आणि गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर स्पर्धा जवळ असताना नको. २०२२ पासून सांध्यातलं इंजेक्शन सुद्धा स्पर्धेच्या काळात बंदीत येतं. नाडाचं नो युअर मेडिसिन म्हणून अॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं.

गोदाकाठ
पूर्वाताई, तुमचं वाचून उठले आणि औषधाचा डबा काढला. माझ्या गोळीला एच आहे!! तीन वर्षं घेतेय. आमच्या क्लासमध्ये, जिल्ह्यात, राज्याला, कुणी म्हणजे कुणी हे बोललं नव्हतं. उद्याच डॉक्टरांकडे जाते. हा धागा काढला नसता तर मी ती गोळी पर्समध्ये घालून दिल्लीला गेले असते.

मिहिर, राग अजिबात नाही. तुझं म्हणणं मलाही आतून तसंच वाटतंय, म्हणून तर विचारलं.

पंचकाका, साखळी तपासली, बरोबर आहे. ओपनचं वाचून पोटात गोळाच आला, पण विषय डोक्यात शिरलाय.

चौथी
मी पण आजवर वाचनमात्र होते, हा आयडी आजच काढला, नाव बघून कळेलच.

त्या राज्य स्पर्धेला माझी एंट्री होती. कोल्हापूर जिल्ह्यातून. वय ४१, शितो-र्यू शैली. फॉर्म भरलेला, फी भरलेली, सेइएनचिन काता चार महिने घासला होता. आदल्या दिवशी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड. रविवारी सकाळी आठला तुमची मॅट पुकारली असेल तेव्हा मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होते. त्यांची चूक नाही, माझीही नाही. पण गोदाकाठताई, तुम्ही तिघी होतात असं लिहिलंय ना, तुम्ही चौघी होतात. आणि मिहिर, माझ्या माहितीतल्या अजून दोघी आहेत, एकीला रविवारची सुट्टी मिळत नाही, एकीला घरून "या वयात शोभतं का" ऐकावं लागतं.

तुम्ही नाही गेलात तर मला फार वाईट वाटेल, एवढंच लिहायला आयडी काढला.

मिहिर_के
@चौथी, सॉरी ताई. मला हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे एंट्री आली नाही म्हणजे पोरगं घाबरलं एवढंच समजतात.

आठ एंट्रीचं मागे घेतो. गोदाकाठताई, जा तुम्ही. ठाण्यात आलात तर आमच्या हॉलमध्ये मॅट आहे, रविवारी सकाळी रिकामी असते.

बे_एरियाकर
इकडे कॅलिफोर्नियात माझी बायको वयाच्या ४० व्या वर्षी कराटे शिकायला लागली. अमेरिकेच्या नॅशनलला ३५ च्या पुढच्यांसाठी वेगळे गट असतात आणि तिथेही काही गटांत चार-पाचच जणी, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

वयाचं म्हणाल तर सँड्रा सांचेझ बघा. स्पेनची, टोकियोला ऑलिंपिकमध्ये काता पहिल्यांदा आला तेव्हा सुवर्ण तिने घेतलं, ३९ व्या वर्षी, फायनलला जपानच्या कियो शिमिझूला हरवून, ती पण जपानच्याच बुडोकानमध्ये. तिशीनंतर स्पेनच्या टीममध्ये आलेली बाई. पुरुषांत व्हेनेझुएलाचा अँटोनियो दियाझ तिथे खेळला तेव्हा ४१ चा होता. कुमितेत हे फार कमी होतं, कात्यात होतं, कारण कात्यात समोरच्याच्या वेगाला उत्तर द्यायचं नसतं.

जुना_पंच
ताई, जायचं ठरवा आता आणि काता बदला.

कांकू दाई सोडा. उडी आहे आणि जमिनीला चिकटून बसणंही आहे, तुमच्या गुडघ्याला नऊ आठवड्यांत ते जमणार नाही आणि पंचाला उतरताना डगमग लगेच दिसते. उन्सू, एन्पी, कांकू शो यांच्याही वाटेला जाऊ नका. सोचिन करा. हळू सुरुवात, फुदोदाची या स्टान्समध्ये रुतून उभं राहणं, त्यात वजन लागतं आणि ते वजन विशीतल्या पोरींकडे नसतं, त्या सोचिन नाचवतात. दुसरा जिऑन, उडी नाही, लहानपणापासूनचा काता आहे, हाडात असेल. तिसरा गोजुशिहो शो ठेवा, कारण प्रत्येक फेरीला वेगळा काता लागतो आणि तिसरी फेरी आली तर हातात हवा.

बारीक गोष्टी. कात्याचं नाव खणखणीत सांगा, पुटपुटू नका. मुद्दाम मोठ्याने श्वास सोडणं, ड्रेसवर हात आपटून आवाज काढणं, पाय आपटणं याला आता मार्क जातात, जुन्या लोकांना ही सवय फार असते. बेल्टची गाठ ओली करून घट्ट मारा, मध्येच सुटून पडला तर बाद. आणि दिवसभर बसायची तयारी ठेवा, सकाळी नऊची मॅट दुपारी तीनला पुकारतात, अंग गार पडतं. अंगात जाकीट, पायात मोजे, दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं चालायचं.

गोदाकाठ
जायचं ठरलं. रजेचा अर्ज दिला, तिकीट काढलं, मंगला एक्सप्रेस, मुलगी येणार आहे सोबत. डॉक्टरांनी गोळी बदलली, दोन आठवडे रोज बीपी मोजायला सांगितलंय, आत्तापर्यंत ठीक येतंय.

सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पहाटे साडेपाच ते साडेसहा, गाड्या निघायच्या आधी. फरशी खरखरीत आहे, वळताना तळव्याची कातडी जाते, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तर दोन वेळा फाटली, आता चिकटपट्टी लावून करते. कात्याची सुरुवातीची जागा खडूने फुलीने आखून ठेवलीय, म्हणजे संपताना कुठे येतेय कळतं. पहिल्या दिवशी दीड पाऊल डावीकडे संपत होते, आता अर्धं. वॉचमनकाका झाडताना ती फुली सोडून झाडतात. मी सांगितलं नव्हतं.

जिऑनमधले ते तीन फुमिकोमी (कात्यातलेच पाय जोरात रोवायचे) फरशीवर आपटवत नाहीत, तेवढे हवेतच थांबवते, मिहिर तुझ्या हॉलला एक रविवार येतेच. किबादाची आरशात बघितली, पूर्वाताई, गुडघा आत पडत होता, अगदी स्पष्ट, आणि मी तीस वर्षं ते "खोल स्टान्स" समजत होते.

सातारी_५१
मी कुमितेवाला, वय ५१, व्हेटरनला जावं की नको असं माझंही चाललंय. पूर्वाताई, कुमितेसाठी काही वेगळं?

फिजिओ_पूर्वा
@सातारी_५१, आधी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी. मग पोटरी आणि टाच, चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांत अचानक पुढे झेप घेताना टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) तुटणं मी सगळ्यात जास्त बघते. गिरकीच्या लाथेपेक्षा पोटऱ्या उचलण्याचा व्यायाम रोज करा. माउथगार्ड आणि नडगीचे पॅड सरावातही घाला.

जुना_पंच
@सातारी_५१, आणि खेळ बदला. डोक्याला लाथ लागली की तीन गुण, पोटाला दोन, ठोशाला एक. पोरं तीनच्या मागे लागतात. आपण एक-एक घ्यायचा. पहिला गुण समोरच्याच्या आधी मिळाला की सेन्शू, बरोबरी झाली तरी तोच जिंकतो. पन्नाशीच्या माणसाने सेन्शू घेऊन तो सांभाळायचा.

गोदाकाठ (दहा आठवड्यांनी)
मंडळी, जाऊन आले. उशीर झाला लिहायला, परत आल्यावर शाळेत पुस्तक तपासणी लागली होती.

आमच्या गटात अकराजणी होत्या. अकरा! केरळ, तमिळनाडू, आसाम, हरियाणा. मणिपूरच्या एक ५३ वर्षांच्या होत्या, त्यांनी माझ्या पट्टीचा रोल मागून घेतला, त्यांचाही अंगठा फाटलेला.

पहिल्या फेरीला जिऑन, मला ओळखीसाठीचा लाल बेल्ट आलेला. पंचकाका, नाव मी इतकं जोरात सांगितलं की मुलगी म्हणते शेजारच्या मॅटवरच्यांनी वळून बघितलं. पाचपैकी चार लाल झेंडे. झेंडे वर गेले तेव्हा मला आधी कळलंच नाही लाल म्हणजे मी.

दुसऱ्या फेरीला सोचिन, समोर हरियाणाच्या, त्या रोजच्या कोच आहेत. सुरुवात माझी चांगली झाली, ते हळू जाणं, श्वास, सगळं मनासारखं. बाजूची लाथ मारून पाय खाली ठेवताना टाच अर्धा इंच सरकली आणि मी पाय परत उचलून ठेवला. बस तेवढंच. बाहेरून दिसलं नसेल असं वाटलं, पण समोरच्या खुर्चीतल्या पंचांची नजर माझ्या पायाकडे गेली ती मी बघितली. तीन-दोन. माझे दोन.

मग रेपेचाजची वाट. त्या फायनलला गेल्या असत्या तर मला ब्राँझसाठी बोलावलं असतं. सव्वापाचपर्यंत मोजे घालून चालत होते, दर अर्ध्या तासाने, सांगितलं तसं. त्या सेमीला हरल्या. मी मुलीला म्हटलं चल, चहा पिऊ.

गाडीत व्हिडिओ वीस वेळा बघितला. ती टाच पार्किंगमध्येही सरकतेय, आता कळलं, कारण लाथ परत ओढून न घेता तशीच खाली टाकते.

आणि मिहिर, मागच्या रविवारी जिल्हा झाली. व्हेटरन भरलाच, ओपन सीनियर पण भरला. पहिल्याच फेरीला १७ वर्षांची मुलगी, पाच-शून्य हरले. काय सुंदर कांकू शो करते पोरगी. नंतर येऊन पाया पडली आणि म्हणाली, मॅडम तुमच्या सोचिनची सुरुवात मला शिकवाल का. शनिवारी येणारे पार्किंगमध्ये.

मिहिर_के
ताई, पाच-शून्यचा व्हिडिओ असेल तर टाका ना. टाच बघू.

चौथी
सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या. आमच्या जिल्ह्याचे फॉर्म पुढच्या महिन्यात आहेत. वयाचा दाखला म्हणून आधार चालतं की जन्मदाखलाच लागतो? माझ्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे.

गोदाकाठ
माझं अगदी हेच झालं होतं. जन्मदाखला, आधार आणि लग्नाचं सर्टिफिकेट तिन्हीच्या झेरॉक्स जोडल्या, घेतलं त्यांनी. ब्लॅक बेल्टच्या सर्टिफिकेटवर पण माहेरचं नाव असेल तर नावबदलाच्या गॅझेटची प्रत ठेवा जवळ. मेडिकल फिटनेस शेवटच्या दिवसावर टाकू नका. आणि राज्याला आलात की मला फोन करा, वॉर्म-अप एकत्र करू, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.